आईचा नफा

तारनाक्याच्या घराच्या यादीत एकतीस कलमं होती आणि ‘कर बघणे’ हे त्यातलं सत्ताविसावं होतं. त्याच्या आधी मोजणी, गळकी टाकी, मालमत्ता कराच्या पावत्या, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना नोटीस, आईच्या सामानाची वाटणी, असं सगळं. मी कामं ज्या क्रमानं घडतात त्या क्रमानं लिहिते. कर घर विकल्यावर भरायचा असतो, तेव्हा तो शेवटाकडेच येणार, असा माझा सरळ विचार होता. एका कॉलेजच्या परीक्षा विभागात मी चोवीस वर्षं काढली आहेत. आधी वेळापत्रक, मग पेपर, मग निकाल. त्यामुळे निकालाचा विचार आधी करायचा असतो हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

घर वडिलांनी बांधलेलं. ते रेल्वेच्या प्रशिक्षण संस्थेत शिकवायचे, आई सरकारी शाळेत गणित शिकवायची. चार वर्षांपूर्वी वडील गेले आणि त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे घर आईच्या नावावर झालं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे दुखरे. पाण्याची मोटर, भाडेकरूंची भांडणं, पावसाळ्यात तुंबणारी मागची मोरी हे तिला एकटीला झेपेना. “विकून टाकू या,” असं तीच म्हणाली. माझा धाकटा भाऊ शहराच्या पार पश्चिम टोकाला राहतो, तिथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मी हिमायतनगरला. आमच्या दोघांच्या बरोबर मध्ये कुठे तारनाका येत नाही, त्यामुळे धावपळ दोघांचीही व्हायची.

गिऱ्हाईक लवकर मिळालं. मागच्याच गल्लीतलं डॉक्टर जोडपं, दोन कोटी दहा लाख, सगळे बँकेतून. त्यांनी नियमाप्रमाणे एक टक्का कापून सरकारकडे आईच्या नावानं भरला आणि तशी पावतीही दिली. दिवाळीनंतर तीन आठवड्यांत खरेदीखत झालं. मी एकापाठोपाठ एक खुणा करत गेले. भावाच्या इमारतीत त्याच्या बरोबर समोरचा फ्लॅट बिल्डरकडे शिल्लक होता, एक कोटी पंचेचाळीस लाखांना. दाराला दार. लिफ्ट, जनरेटर, खाली औषधांचं दुकान. याहून सोयीचं काय असणार?

आता आमच्या घरची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातून झाला. कागदावर कोणाचं नाव आहे याला आमच्याकडे कधी कोणी किंमत दिली नाही. आजोबा महसूल खात्यात कारकून होते. आयुष्यभर लोकांच्या नावांच्या नोंदी केल्या, त्यामुळे घरी आल्यावर त्यांना तो विषय नको असायचा. नियम एवढाच, की ज्याचे पाय झिजले त्याचं नाव. आत्यानं रांगेत उभं राहून गॅस आणला. ती लग्न होऊन गुलबर्ग्याला गेली, तरी पुढे वीस वर्षं आमच्याकडे सिलिंडर तिच्याच नावानं येत राहिला. स्कूटर वडिलांच्या मित्राच्या नावावर होती, कारण नंबर त्याचा आधी लागला. टेलिफोन काकांच्या नावावर. बिल आलं की ज्याच्या हाती पैसे असतील तो भरायचा. कुणाचं काही बुडालं नाही, कुणी कोर्टात गेलं नाही, म्हणून ही पद्धत बरोबरच आहे असं आम्ही समजत होतो.

तेव्हा नव्या फ्लॅटचा फॉर्म आला आणि मी आईला विचारलं, “नाव कोणाचं घालू?” तिनं मटार सोलता सोलता सांगितलं, “त्याचंच घाल. बिल्डरकडे तोच खेपा घालतोय. आणि मी गेल्यावर तुला पुन्हा त्या कचेऱ्या नकोत.”

वडील गेल्यावर घर तिच्या नावावर करायला मला अकरा फेऱ्या पडल्या होत्या. मृत्युपत्र असूनही. ती मोजत होती, कारण दर फेरीला माझा डबा तीच करून द्यायची. आई माझ्या फेऱ्या वाचवतेय हे मला आवडलं. मी ठळक अक्षरांत भावाचं नाव लिहिलं, त्यानं सही केली, आईच्या खात्यातून दहा लाखांचा चेक गेला. झालं.

जानेवारीत मी सत्ताविसाव्या कलमाकडे आले.

आमचे सीए आबिड्सला चपलांच्या दुकानाच्या वर दुसऱ्या मजल्यावर बसतात. वडिलांचं विवरणपत्र तेच भरायचे. सत्तरीचे गृहस्थ, इथली दख्खनी हिंदी बोलतात आणि जुन्या पाकिटांच्या पाठीवर हिशेब मांडतात. मी फाइल पुढे ठेवली. रंगीत चिठ्ठ्या लावलेली, अनुक्रमणिकेसकट. त्यांनी ती उघडलीच नाही; आकडे मी फोनवर सांगितले होते.

“घर किसका बिका, मॅडम?”

“अम्मा का.”

“पैसा किसके खाते में आया?”

“अम्मा के.”

“नवा फ्लॅट किसके नाम पे ले रै?”

“भाई के.”

“कैकू?”

का? आमच्या घरात हा प्रश्न कुणी कुणाला विचारलेलाच नव्हता. “ऐसेइच,” मी म्हणाले.

“ऐसेइच के उनतीस लाख होते, मॅडम.”

मी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. मग त्यांनी पाकिटाची पाठ माझ्याकडे वळवली आणि एकेक ओळ लिहीत समजावलं. ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण तेव्हा मला कुणी असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

घर विकून आलेले सगळे पैसे म्हणजे नफा नव्हे. विक्रीच्या किमतीतून घराची मूळ किंमत वजा करायची, जे उरेल तो भांडवली नफा आणि कर त्याच्यावर. आता मूळ किंमत कोणती? वडिलांनी घर एक लाख दहा हजारांत बांधलं होतं. त्या काळच्या सिमेंट-सळईच्या पावत्या मी जपून ठेवल्या होत्या, प्लास्टिकच्या पिशवीत, वर्षवार. सीएंनी पिशवी उचलून बघितली आणि म्हणाले, “इसकू फ्रेम कराके दीवार पे लगा लो.” कारण २००१ सालाआधीच्या घराला २००१च्या एक एप्रिलची किंमत धरता येते, अर्थात त्या वेळच्या सरकारी दराच्या मर्यादेत. ती मूल्यनिर्धारकाकडून लिहून घ्यायची. आमच्या घराची त्यांनी अंदाजे पंधरा लाख धरली, पुढे पक्कीही तेवढीच निघाली. वारसानं घर मिळालं तरी आईला हाच हिशेब लागू.

पुढे दोन वाटा. त्या पंधरा लाखांना महागाईचा आकडा लावून ते साडेतीनपटीहून जास्त वाढवायचे आणि उरलेल्या नफ्यावर वीस टक्के भरायचे, किंवा महागाई न धरता साडेबारा टक्के. जुन्या घरांना ही निवड आहे. जी वाट कमी पडेल ती घ्यायची.

आणि मग शेवटची गोष्ट, जी मी पहिली विचारायला हवी होती. नफ्याच्या रकमेचं दुसरं राहतं घर घेतलं तर तेवढ्यावरचा कर माफ. विक्रीनंतर दोन वर्षांत तयार घर घ्यायचं किंवा तीन वर्षांत बांधायचं. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे लागले नाहीत तर ते बँकेत भांडवली नफ्याच्या खास खात्यात ठेवायचे, साध्या बचत खात्यात नाही. शिवाय सहा महिन्यांच्या आत पन्नास लाखांपर्यंत सरकारी रोखे घेता येतात. ते पाच वर्षं अडकतात, पण तेवढ्यावरचाही कर वाचतो.

“एक पैंतालीस का फ्लॅट, पचास के रोखे. एक पंचानवे का नफा पूरा ढक गया. कर सिफर,” असं म्हणून त्यांनी पाकिटावर एक मोठं शून्य काढलं. “लेकिन जिसका नफा उसका घर. नफा अम्मा का और घर भाई का, तो माफी किसकू देते?”

“अब क्या करना?”

“अभी रजिस्ट्री नै हुई ना? फिर परेशान कैकू होते? नाम बदलवाओ.” मग चष्मा पुसत म्हणाले, “अम्मा क्या बोलती?”

“अम्मा कू क्या बोलना है, मान जाती,” मी म्हणाले आणि जिना उतरले.

रस्त्यावर येऊन मी उभीच राहिले. परीक्षा विभागात माझ्या हातून चोवीस वर्षांत एकदाही चुकीच्या नावाचं हॉल तिकीट गेलेलं नाही. आणि इथे एकोणतीस लाखांचा फॉर्म मी ठळक अक्षरांत चुकीच्या नावानं भरला होता. हिमायतनगरपर्यंत रिक्षात मी तीनदा मनात आकडेमोड केली. उत्तर तेच येत होतं, तरी पुन्हा पहिल्यापासून.

घरी न थांबता तशीच तारनाक्याला गेले. घर घेणाऱ्या डॉक्टरांनी आईला मार्चअखेरपर्यंत राहायची मुभा दिली होती. तिला सगळं सांगितलं. ती घाबरली नाही. जुन्या लग्नपत्रिका ती टाकत नाही, त्यांची कोरी बाजू जाड आणि गुळगुळीत असते. एक पत्रिका घेऊन तिनं दोन्ही वाटांचा हिशेब स्वतः केला.

“महागाई धरली तर एकतीसच्या आसपास. नाही धरली तर चोवीस-साडेचोवीस. वर अधिभार-उपकर धरून तुझे एकोणतीस.” ती हसली. “महागाई धरून कर वाढतो. शाळेत असं उत्तर आलं असतं तर मी पुन्हा करायला सांगितलं असतं.”

“आई, बरोबर आहे ते. आता फ्लॅट तुझ्या नावावर करायचा. एवढंच.”

“मग तो विकता येतो का?”

“तीन वर्षं नाही. विकला तर माफी परत जाते.”

“म्हणजे एक्याऐंशीपर्यंत मला मरायची सोय नाही.”

“मेलीस तर चालतं. विकलास तर नाही.”

हे माझ्या तोंडून निघून गेल्यावर मी जीभ चावली, पण तिला हसू आवरेना. डोळे पुसत म्हणाली, “कायदा बरा आहे तुझ्यापेक्षा.” मग पत्रिका उलटी करून ठेवली आणि म्हणाली, “बघू.”

हा ‘बघू’ मला कळला नाही. मला वाटलं, गुडघा दुखत असेल.

पुढचे दहा दिवस मला बसवेना. बिल्डरच्या ऑफिसात रोज फोन. कधी साहेब साइटवर, कधी जेवायला. शेवटी कळलं की नाव बदलायला ते दोन लाख मागताहेत, नवीन करारनामा करायचा म्हणून. सहा महिन्यांत रोखे घ्यायचे, म्हणजे मेच्या आधी. जुलैअखेर विवरणपत्र. मार्चअखेर घर रिकामं. तीन तारखा तिन्ही बाजूंनी येत होत्या आणि मधोमध एका फॉर्मवर माझं सुंदर अक्षर.

रविवारी भाऊ तारनाक्याला आला. मीही गेले. आई चहा करत होती.

“ताई, दोन लाख कोण भरणार?” त्यानं चपला काढता काढताच विचारलं.

“भरावे लागतील. एकोणतीसपेक्षा दोन बरे.”

“फॉर्म तू भरलास.”

“सही तू केलीस.”

“तू बोट ठेवतेस तिथे मी सही करतो. पहिलीपासून. प्रगतिपुस्तकावर बाबांची सही पण तूच करायला लावली होतीस.”

“कोणाची सही?” आई आतून म्हणाली.

“काही नाही!” आम्ही दोघं एकदम बोललो.

ती चहाचा ट्रे घेऊन आली, खुर्चीत बसली, आणि म्हणाली, “नाव बदलू नका. मला तो फ्लॅट नकोच आहे.”

भावाचा कप हातातच राहिला. मी म्हणाले, “म्हणजे काय? डिसेंबरात हो म्हणालीस ना?”

“तुम्ही दोघं एवढे पळत होतात. म्हटलं, पळू दे. घर त्याच्या नावावर, म्हणजे घर त्याचं. मी काय, पाहुणी. पाहुण्यानं खोली निवडायची नसते.” तिनं एक घोट घेतला. “आता तुझा तो सीए म्हणतो, माझ्याच नावावर पाहिजे. मग मी निवडते.”

“काय निवडतेस?”

“चौथ्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा. बीजगणितात कच्ची होती, पण मुलगी सरळ. जुनी इमारत आहे, लिफ्टची गरजच नाही. रजिस्ट्रीसकट पंच्याहत्तरमध्ये बसतो. दोनदा बघून आले मी.”

“कधी?” मी विचारलं.

“तू आबिड्सला गेली होतीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि परवा. नळ सोडून बघितले. पाणी येतं.”

भावानं कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, “माझ्यासमोर राहायला नको वाटतं का तुला?”

“नको कसं वाटेल? पण समोर राहिले ना, तर तू यायचा नाहीस.”

“असं कसं आई? दाराला दार...”

“म्हणूनच. दार दिसतंय, आई आतच आहे, उद्या जाऊ. तुझे बाबा आजोबांच्या खालच्या मजल्यावर राहायचे. मला विचार ते वर कितीदा जायचे ते. तू इथे दर रविवारी येतोस. लांब आहे म्हणून येतोस.” मग तिनं जरा थांबून बाकीचंही सांगितलं. इथे तिला भाजीवाली ओळखते, फिजिओथेरपीचा मुलगा घरी येतो, बँकेत तिला कोणी रांगेत उभं करत नाही. संध्याकाळी दोन मुली गणित विचारायला येतात. “तिकडे सोळाव्या मजल्यावर मला कोण काय विचारणार? ‘आंटी, कौनसे फ्लोर?’ एवढंच.”

माझ्या डोक्यात त्या वेळी भाजीवाली नव्हती. माझ्या डोक्यात पंच्याहत्तर अधिक पन्नास होतं. एकशे पंचवीस. नफा एकशे पंच्याण्णव. सत्तर लाख उघडे पडत होते.

“आई, मग शून्य येत नाही,” मी म्हणाले.

“माहितीय. साधारण दहा लाख येतात. मी मांडून ठेवलंय,” ती म्हणाली, आणि पत्रिकांच्या गठ्ठ्यातून एक माझ्या हातात दिली. तिच्या हिशेबात अधिभारही होता.

बिल्डरनं बुकिंग रद्द करताना एक लाख कापून घेतले. भाऊ माझ्याशी आठवडाभर जेवढ्यास तेवढं बोलत होता. त्याला राग आईचा नव्हता, फॉर्मचा होता असं तो म्हणायचा. मला ते पटलं नाही, पण मी वाद घातला नाही. त्याच्या बायकोनं समोरच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरासाठी आईला सोसतील असे खालचे कप्पे कसे करायचे याचं चित्रसुद्धा काढलं होतं. ते चित्र तिनं मला पाठवलं, खाली काही न लिहिता.

मी मात्र त्या दहा लाखांना सोडायला तयार नव्हते. कॉलेजात मार्कांच्या याद्या तपासताना मध्येच उठून व्हरांड्यात जायचे, सीएंना फोन लावायचे. एकदा असाच फोन केला आणि विचारलं, “एक घर छोटा पड रा, तो दो ले सकते क्या?”

“हौ, ले सकते. नफा दो करोड के अंदर है ना? जिंदगी में एक बार दो घर की छूट मिलती. लेकिन दोनों अम्मा के नाम पे.”

मला एकदम मोकळं वाटलं. सत्तर लाखांचं दुसरं घर! पंच्याहत्तर, सत्तर आणि पन्नास. शून्य. त्या शनिवारी मी बाह्यवळण रस्त्याच्या पलीकडे जाऊन तीन फ्लॅट बघितले. एकाच्या गॅलरीतून नुसते खडक दिसत होते आणि एक क्रेन. बाकी स्वच्छ. फोटो काढले, देखभालीचा खर्च लिहून घेतला, आणि संध्याकाळी आईकडे पोचले. तिच्याकडे दोन्ही मुली वहीवर वाकून बसल्या होत्या. आईनं त्यांना एक उदाहरण घालून दिलं आणि माझ्याकडे वळली.

फोटो तिनं एकेक करून बघितले. “इथे कोण राहणार?”

“कोणी नाही. भाड्यानं देऊ.”

“भाडेकरू. मोटर. मोरी.”

“ते सगळं मी बघेन.”

“ते तू बघशील हे माहितीय मला. मी गेल्यावर एका घराच्या अकरा फेऱ्या, तर दोन घरांच्या किती?”

“तू मृत्युपत्र नोंदवून ठेव. मी वकील बघते.”

“ते ठेवीनच. पण हे घर कशासाठी, सांग ना.”

“कर वाचवायला.”

“करासाठी घर,” ती म्हणाली. तिच्या वर्गात कुणी चुकीचं उत्तर दिलं की ती ते असंच हळू, न ओरडता, परत म्हणायची. ज्यानं दिलं त्याला आपोआप खाली बसावंसं वाटायचं. “उत्तर शून्य आलं पाहिजे असं कळलं ना, की मुलं मधेच नसलेल्या पायऱ्या घुसडायची. शून्य यायचं बरोबर. मी मार्क कापायचे.”

मुलींपैकी एक खुदकन हसली. आईनं तिच्या वहीवर बोट आपटलं.

“दहा लाख, आई,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. “दहा! फुकट जाणार.”

“माझं पेन्शन कुठून येतं?”

“ते वेगळं.”

“कसं वेगळं?”

मी फोन पर्समध्ये टाकला. तरी मला पटलं असं नाही. आजही पटलेलं नाही. दोन घरांची सूट कायद्यात आहे, ती वापरणं चूक नाही, आणि ज्याला दुसऱ्या घराचा उपयोग आहे त्यानं ती जरूर वापरावी. आईला नव्हता. एवढाच फरक, आणि तो मान्य करायला मला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी त्या खडकांच्या फ्लॅटवाल्याचा फोन उचलत राहिले आणि ‘कळवते’ म्हणत राहिले.

मार्चअखेर आई तारनाक्याच्या घरातून निघाली आणि दोन महिने माझ्याकडे हिमायतनगरला राहिली. विद्यार्थिनीला आपलं सामान हलवायला वेळ हवा होता. एप्रिलात पन्नास लाखांचे रोखे घेतले. आई माझ्याकडे पाहुणी म्हणून नीट वागली. म्हणजे काय, तर फ्रिज उघडायच्या आधी विचारायची. मला त्याचा राग यायचा आणि तो कुणावर काढावा कळायचं नाही.

जूनमध्ये चौथ्या गल्लीतल्या फ्लॅटची नोंदणी झाली. आम्ही तिघं गेलो. भावानं रजा घेतली होती. नोंदणी कार्यालयात बाकं भरलेली, पंखा एकच. आमचा नंबर आला तेव्हा फाइल भावाच्या हातात होती. टेबलामागच्या माणसानं वर न बघता कॅमेरा त्याच्याकडे वळवला आणि तेलुगूत विचारलं, “कोनेवाळ्ळु एवरु?” घेणारे कोण?

भाऊ अर्धं पाऊल पुढे झाला होता. सवयीनं. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो बाजूला सरला.

“नेने,” आई म्हणाली. मीच.

त्या माणसानं वर बघितलं, कॅमेरा खाली केला, तिला खुर्ची द्यायला सांगितली. फोटो निघाला. बोटांचे ठसे मात्र यंत्र घेईना. चाळीस वर्षं खडू धरून तिच्या बोटांच्या रेघा पुसटल्या आहेत, असं तीच त्याला तेलुगूत समजावून सांगत होती. तो म्हणाला, म्हाताऱ्या माणसांचं होतंच असं, अम्मा. तिसऱ्यांदाही यंत्रानं नाही म्हटलं. एवढं सगळं करून हिचं बोटच नापास! भावानं खिशातला रुमाल काढून तिचं एकेक बोट पुसलं, अगदी हळू, नखांपर्यंत. पाचव्या वेळी हिरवा दिवा लागला.

जुलैत मी तिच्या नव्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला. सीएंनी आकडा पक्का करून दिला होता. डॉक्टर जोडप्यानं कापलेला एक टक्का वजा जाऊन भरायची रक्कम पडद्यावर दिसत होती. आई शेजारी बसून आकडे मोठ्यानं वाचत होती, एकेक, वर्गात वाचावेत तसे. मी माऊसवर हात ठेवून थांबले.

“काय झालं?”

“काही नाही. बघतेय बरोबर आहे का.”

“बरोबर आहे. मी सकाळीच करून बघितलं.”

मी बटण दाबलं. चाक फिरत राहिलं. मी उठून ओट्याशी गेले, परत आले, पुन्हा उभी राहिले. पावती आली. आईनं चष्मा वर करून ती वाचली, नाव नीट आहे ना ते बघितलं, आणि मला तिची छापील प्रत आणून द्यायला सांगितली.

“उद्या आणते,” मी म्हणाले. “सकाळी नवाच्या आत येईन.”

“येताना फोन कर,” ती म्हणाली. “मी घरी नसेन कदाचित.”